नांदेडच्या दादांना जाहीर आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "त्यात काय एवढं ताई" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र.

आमच्या परभणीच्या घरातल्या त्या दोन डिस्कच्या नॅसमध्ये (घरातल्या नेटवर्कवर फाइली साठवणाऱ्या डब्यात) आईच्या आणि मावशीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. आई आता नाही. ज्या कॅसेटींवरून त्या उतरवल्या, त्यातल्या बहुतेक खराब झाल्या. डबा ठणठणीत होता, पण कंपनीने त्याचे अपडेट केव्हाच बंद केलेले. त्याला नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची फक्त जुनी पद्धत, एसएमबी-१, येत होती आणि नवा लॅपटॉप त्याला दाद देईना. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच एसएमबी-१ मधल्या भगदाडातून जगभर पसरला, आणि त्याच वर्षापासून विंडोज १० मधून ते हळूहळू काढलं जाऊ लागलं. ज्याला विचारावं तो म्हणे, सेटिंगमध्ये जाऊन चालू करा, नाहीतर नवा डबा घ्या. तुम्ही एकटे म्हणालात, "डबा चांगलाय, आत ओपनडब्ल्यूआरटी टाकू." म्हणजे अशा डब्यांसाठीची मोफत, लिनक्सवर चालणारी प्रणाली.

आल्या आल्या तुम्ही फर्मवेअरला, म्हणजे डब्यातल्या मूळ सॉफ्टवेअरला, हात लावला नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आधी दोन्ही डिस्क बाहेर काढल्या. एक लिनक्सच्या लॅपटॉपला लावून पाहिली; आतलं रेड (दोन्ही डिस्कवर तीच माहिती ठेवणारी मांडणी) लिनक्सच्या नेहमीच्या एमडीॲडम साधनाचंच निघालं, सगळ्या फाइली दिसल्या. त्या वेगळ्या डिस्कवर उतरवल्या. "रेड म्हणजे बॅकअप नव्हे ताई, इकडं पुसलं की तिकडंही पुसतं." मग कंपनीच्या मूळ फर्मवेअरची पार्टिशनवार प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. त्यानंतर कुठे डबा लॅपटॉपशी बोलावा म्हणून बोर्डावरच्या चार पिनांपैकी तीन पिनांना वायरी लागल्या: ग्राउंडला ग्राउंड, टीएक्सला (पाठवणारी) आरएक्स (घेणारी), आरएक्सला टीएक्स. ३.३ व्होल्टची पिन मोकळीच ठेवायची, हे तुम्ही मला बोट ठेवून दाखवलंत. वेग सेकंदाला ११५२०० बिट ठेवला, पडद्यावर अक्षरं धावू लागली, आणि यू-बूटची (डबा सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) उलटी मोजणी कळ दाबून मी थांबवली. "हा शाबूत आहे तोवर डबा परत उठवता येतो," असं तुम्ही म्हणालात आणि माझी धाकधूक कमी झाली.

ओपनडब्ल्यूआरटी बसवून तुम्ही परतलात. रात्री नांदेडला पोचल्यावर तुमचा फोन आला. पहिलाच प्रश्न: "पंख्याचा आवाज येतोय का?" येत नव्हता! दिवे लागलेले, फाइली उघडत होत्या, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नसतं. पंखा आधी कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळायचं. नव्याला ते सांगावं लागणार होतं. परभणीचा मे महिना, पारा चाळिशीच्या वर. तुम्ही डबा लगेच बंद करायला लावलात. दुसऱ्या दिवशी फोनवर तुम्ही सांगत गेलात, मी टाइप करत गेले, आणि प्रत्येक ओळ कशासाठी हे विचारलं तेव्हा एकदाही घाई केली नाहीत. आता डिस्क तापली की पंखा आपोआप जोर धरतो. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएल या कमांडने तापमान मी स्वतः बघते.

फाइली आता सांबा या मोफत सॉफ्टवेअरमधून, एसएमबीच्या नव्या पद्धतीने, येतात. १९९२ पासून कितीतरी लोकांनी तो घडवला आणि सगळ्यांना मोकळा दिला, त्यांचेही आभार. तुम्ही मात्र धपाट्यांपलीकडे काही घेतलं नाहीत.

मावशीच्या उरलेल्या कॅसेटी जिंतूरहून आणल्यात, त्या उतरवायचं काम चालू आहे. मूळ फर्मवेअरचा पेन ड्राइव्ह तारीख लिहून कपाटात ठेवलाय, आणि ओव्यांची तिसरी प्रत तुम्ही सांगितल्याप्रमाणे जालन्याला भावाकडे पोचली.

आपली,
परभणीची ताई