हसे कोणाचे होते, ते आधी पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागातील एका तरुण शाहिराचे पहिलेच ध्वनिमुद्रित गाणे नुकतेच आले असून, गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात एका सद्गृहस्थांनी त्यावर सडकून टीका केली आहे. ठरलेले लग्न मोडल्यावर माणसाने तोंड मिटून बसावे, त्याची जाहीर टिंगल करू नये, हा त्यांचा पहिला आक्षेप आहे. आणि असली थेरे पाश्चात्त्यांची, ती कोकणात नकोत, हा दुसरा. ते गाणे मी गौरीच्या रात्री जाखडीच्या, म्हणजे शाहिराभोवती फेर धरून होणाऱ्या आपल्या कोकणी नाचगाण्याच्या, मांडवात मांडी घालून ऐकले आहे आणि नोकरीच्या निमित्ताने पाश्चात्त्यांची गाणीही थोडीफार कानांवर पडली आहेत, म्हणून हे चार शब्द.

पत्रलेखकांनी गाण्याचा मजकूर कुठेच दिलेला नाही, त्यामुळे ज्यांनी ते ऐकलेले नाही त्यांचा समज असा होईल की त्यात कोणा मुलीची बदनामी आहे. प्रकार वेगळा आहे. या मुलाची सुपारी फुटली होती, आणि पहिला आंबा उतरल्यावर त्याने रीतीप्रमाणे व्याह्यांकडे पाच डझनांच्या दोन पेट्या पाठवल्या होत्या. पुढे मुलगा गावातच राहणार, मुंबईत त्याची स्वतःची जागा नाही, या एका कारणावरून लग्न मोडले. आमच्या वाडीत या कारणाने बिनलग्नाचे राहिलेले मुलगे कोणीही हाताच्या बोटांवर मोजून दाखवील, आणि एका हाताची बोटे पुरणार नाहीत. गण-गौळण आटोपून रात्र चढली होती, चाळ बांधलेले नाचे शाहिराभोवती फेर धरून होते, आणि तेव्हा या मुलाने हे कडवे घेतले :

दीडशे कलमं माझ्या दारी, खोली नाय गं विरारी,
तू ऱ्हा तिथंच सुखानं, खोकं तेवढं धाड माघारी!

मांडवात हशा उसळला हे खरे, पण तो मुलीवर नव्हता. दीडशे कलमांचा धनी असलेला बागायतदार आंब्याच्या रिकाम्या लाकडी खोक्यासाठी रडतो आहे, याचे ते हसू होते, आणि रडणे खोक्याचे नाही हे आमच्या आवाठातल्या आठ वर्षांच्या पोरालाही कळत होते. माझ्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या काकी हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या. त्यांच्याही नातवाचे असेच झाले आहे.

आता पाश्चात्त्यांविषयी. मी व्यापारी जहाजावर इंजिनरूममध्ये ऑइलमन होतो. 1992 साली आमची बोट कोळसा भरण्यासाठी ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल बंदरात लागली होती, आणि संध्याकाळी आम्ही खलाश्यांच्या क्लबात गेलो असताना तेथे एकच गाणे पुनःपुन्हा वाजत होते. स्थानिक बायाबापड्या आणि गोदीतले गडी ओळी धरून, सगळे एकाच वेळी टाच आपटून एकाच बाजूला वळत नाचत होते. आपल्या जाखडीत फेर असतो, तेथे रांग होती, एवढाच काय तो फरक. टाचेचा ठेका ऐकून आमच्याबरोबरच्या वेळणेश्वरच्या फिटरने तर बसल्या जागी ढोलकीचा हात धरला. गाणे होते ‘अची ब्रेकी हार्ट’, बिली रे सायरस या अमेरिकन कंट्री, म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यांतल्या लोकगीतांच्या वळणाच्या, गायकाचे, आणि बाजारात सुटे निघालेले त्याचे ते पहिलेच गाणे होते. त्या वर्षी ते ऑस्ट्रेलियात सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि अमेरिकेच्या कंट्री गाण्यांच्या यादीत पाच आठवडे.

क्लबातल्या पाद्रीबुवांनी मला त्याचा अर्थ समजावून सांगितला. प्रेयसी सोडून गेली आहे, आणि हा पठ्ठ्या तिला सांगतो आहे की तू काय वाटेल ते कर, माझे कपडे जाळ, कुत्र्याला माझ्या पायाचा चावा घ्यायला सांग, फक्त माझ्या हृदयाला ही बातमी कळू देऊ नकोस, कारण त्याला ती झेपायची नाही. मला त्या क्षणी हे अगदी आपल्याकडचे वाटले. बाईवर एक वावगा शब्द नाही, फजिती सगळी गाणाऱ्याची.

या गाण्यावरही त्या काळी तेथे टीका झाली, आणि तीही बाहेरच्यांनी नव्हे, तर ट्रॅव्हिस ट्रिट या कंट्री गायकानेच केली. असल्या गाण्यांनी हे संगीत म्हणजे ढुंगण हलवण्याची स्पर्धा होऊन बसेल, असा तिचा रोख होता. आपले पत्रलेखक त्या पंगतीला बसतात. परंतु कंट्री संगीतात विनोद काही 1992 साली आला नाही. हँक विल्यम्स हा त्या परंपरेतला फार मोठा गायक, आणि त्याच्या हयातीत निघालेले शेवटचे गाणे नशिबाचे फासे सदा उलटे पडणाऱ्या माणसाचे, धडधडीत विनोदी आहे. मी काही या जगातून जिवंत सुटत नाही, अशा अर्थाचे त्याचे नावच आहे. 1 जानेवारी 1953 रोजी, वयाच्या अवघ्या 29 व्या वर्षी, तो मोटारीच्या मागच्या आसनावर मरण पावला, आणि त्याच महिन्यात ते गाणे यादीच्या माथ्यावर पोहोचले. लोक हसले असतील की रडले असतील, ते सांगणे कठीण आहे. बहुधा दोन्ही.

आणि पाश्चात्त्य कशाला हवेत? शिमग्यात काळ्या कपड्यांतला, उंच टोपीचा संकासूर घरोघर फिरतो, त्याच्या उड्या पाहून पोरे खिदळतात, आणि त्याच्याच पायांवर आयाबाया डोके ठेवतात. हसण्याने पावित्र्य किंवा दुःख उणे होते, ही समजूत कोकणातली नव्हे. ती कोठून आली ते पत्रलेखकांनी शोधावे.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे जाखडीतल्या दोन पक्षांच्या सवाल-जवाबाच्या, सामन्यात अलीकडे द्वयर्थी सवाल फार झाले आहेत. सोडून गेलेल्या मुलीला पैशाची लोभी ठरवणारी, तिच्या बापाचा उद्धार करणारी गाणीही सर्रास म्हटली जातात, आणि दोन वर्षांपूर्वी अशाच एका बारीतून मी घरच्या माणसांना घेऊन उठून आलो होतो. तिथे ओरडा जरूर करावा. पण ज्या गाण्यात गाणारा स्वतःलाच चव्हाट्यावर उभा करतो आणि जाणारीला सुखाने राहायला सांगतो, त्याला त्याच दावणीला बांधणे हा अन्याय आहे. गाण्यात मुलीच्या गावाचे नाव घेतले, हा पत्रलेखकांचा आणखी एक आरोप तर साफ चुकीचा आहे. गाण्यात गावाचे नाव एकच येते, ते विरारचे, आणि तेही ज्या खोलीची मालकी शाहिराकडे नाही तिच्यासाठी.

माझी स्वतःची तक्रार आहे ती ध्वनिमुद्रणाविषयी. मांडवात जी ढोलकी आणि झांज होती, ती तालुक्याच्या ठिकाणच्या एका स्टुडिओत काढून टाकली गेली आणि तिच्या जागी यंत्रातला ठोका घातला गेला, तो इतका मोठा की ‘खोकं’ हा शब्द नीट ऐकूच येत नाही, आणि सगळी गंमत तर त्या एका शब्दात आहे. गायकाचे पहिले गाणे पुढे आयुष्यभर त्याच्या नावाला चिकटते. ते असे ठेचलेले निघावे, याचे मला त्या मुलापेक्षा जास्त वाईट वाटले. तो म्हणाला, अण्णा, पैसे होते तेवढ्यात हेच बसले.

आपणास एक विनंती आहे. गणपतीच्या दिवसांत आपण जाखडी स्पर्धांचे निकाल, पाहुण्यांची नावे आणि सत्काराची छायाचित्रे छापता, परंतु गाण्याचे शब्द कधी छापत नाही. हे गाणे एकदा पूर्ण छापावे, म्हणजे वाचकांना आपले मत बनवता येईल. शाहीर ते लिहून द्यायला तयार आहे. त्याची वही मी पाहिली आहे. खोक्याच्या कडव्यानंतर तीत आणखी दोन कडवी आहेत, जी स्टुडिओवाल्यांनी वेळ संपली म्हणून गाळली.

आपला नम्र,
एक निवृत्त ऑइलमन
ता. गुहागर, जि. रत्नागिरी