धुक्यात गाडीचे मागचे दिवे लागत नाहीत, याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: गाडीच्या बाहेरच्या दिव्यांची नियंत्रणे

महोदय,

तुमच्या कंपनीची गाडी मी गेल्या दिवाळीत कोल्हापुरात घेतली. इंजिन, अॅव्हरेज, एसी, कशाबद्दलच तक्रार नाही. तक्रार दिव्यांची आहे. सर्व्हिस सेंटरला तोंडी सांगून झालं. उत्तर मिळालं, "सर, ऑटोवर ठेवा, बाकी गाडी बघते."

गाडी काय बघते ते सांगतो. जुलैत आजऱ्याहून आंबोलीमार्गे सावंतवाडीला निघालो होतो. भर दुपार, पाऊस, आणि धुकं असं की पुढच्या ट्रकचा फाळका जवळ गेल्याशिवाय दिसत नव्हता. दिवे ऑटोवर. समोर डीआरएल, म्हणजे दिवसा आपोआप लागणारे पुढचे दिवे, पेटलेले, मीटरचा डिजिटल पडदा लखलखीत. कुणालाही वाटेल की दिवे लागलेत. धबधब्यापाशी थांबलो, तेव्हा मागून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने सुनावलं, "ओ साहेब, मागं एक तरी दिवा लावा की!" उतरून बघतो तर मागे खरंच काही नाही.

डॅशबोर्डवरचा सेन्सर उजेड मोजतो. किती लांबचं दिसतंय हे त्याला कळत नाही. दुपारचं धुकं पांढरंफटक, म्हणून त्याच्या लेखी लख्ख दिवस. हेडलाइट लागत नाहीत, आणि डीआरएलबरोबर मागचे लाल दिवे तुम्ही जोडलेलेच नाहीत.

मग मागचा फॉग लॅम्प, म्हणजे धुक्यात मागच्याला दिसावा म्हणून असलेला प्रखर लाल दिवा, लावायला गेलो. त्याला बटण नाही. टचस्क्रीनच्या पडद्यावरचा नकाशा बंद करा, गाडीचं चित्र दाबा, 'लाइट्स' उघडा, यादी खाली सरकवा. पावसात भिजून आलेल्या बोटाला पडदा दाद देईना. शेवटी सापडलं, तर ते राखाडी, दाबलंच जात नाही! हेडलाइट लागल्याशिवाय हा दिवा लागत नाही. ते योग्यच आहे, पण पडद्यावर तशी एक ओळ लिहायला काय हरकत होती? स्टिअरिंगजवळच्या दांडीचं टोक फिरवून हेडलाइट लावले, तेव्हा कुठे फॉग लॅम्प लागला. चहा घेऊन गाडी चालू केली, तर सगळं पुन्हा ऑटोवर. टोक फिरवलं की आपोआप मधोमध परत येतं, त्यामुळे दिवे कशावर आहेत ते नुसत्या हाताला समजत नाही. पुस्तिकेत याच पानावर 'काही मॉडेलमध्ये' हे शब्द इतक्यांदा आहेत की माझं मॉडेल कुठलं, हा प्रश्न मला पडला.

घाटात धुकं दिसलं की निम्मी जनता चारही इंडिकेटर लावून पळते आणि वळताना कुणाला काही कळत नाही. त्यावर खरा उपाय असलेला दिवा तुम्ही मेन्यूच्या तळाशी ठेवलात.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दिवे फक्त रात्रीच लावायचे नसतात. पुरेसा उजेड नसेल तेव्हाही लावायचे असतात. जबाबदारी चालवणाऱ्याची असेल, तर बटणही त्याच्या हाताशी हवं.

माझी मागणी अशी: सॉफ्टवेअर अपडेट देऊन डीआरएलबरोबर मागचे दिवेही लागतील असं करा, आणि मी निवडलेली स्थिती गाडी बंद करून चालू केली तरी टिकू द्या. फॉग लॅम्पचं बटण निदान पहिल्या पडद्यावर आणा. पुढच्या मॉडेलमध्ये ते दांडीवरच द्या. हे जमणार नसेल, तर का जमणार नाही ते 30 दिवसांत लेखी कळवा, व्हॉट्सअॅपवर नको. त्यानंतर मी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवणार आहे.

आपला,
एक ग्राहक, कोल्हापूर

सोबत: खरेदीचं बिल, राखाडी बटणाचा फोटो