माझ्यापासून बातम्या लपवू नका

म्हार्दोळ, फोंडा

चि. बाय हिला अनेक आशीर्वाद.

काल दुसरा एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. माझ्या हृदयाचे पंपिंग ६० टक्के आले आहे, म्हणजे नऊ आठवड्यांपूर्वी ३५ टक्क्यांवर घसरलेला आकडा आता निरोगी माणसाच्या पातळीवर परतला आहे. ही आनंदाची बातमी तुला बाबांनी कळवलीच असेल. मी लिहायला बसले आहे ते दुसऱ्याच कारणाने. जावईबापूंची नोकरी गणेशचवथीनंतर पंधरा दिवसांतच गेली, हे मला परवा तुझ्या मामीच्या बोलण्यातून कळले. मला ते ठाऊक असणारच, असे ती बिचारी धरून चालली होती. तुम्ही मात्र दिवाळीला न येण्याचे कारण ‘रजा मिळत नाही’ असे सांगितलेत. ज्याला नोकरीच नाही त्याला रजा कोण नाकारणार, या विचाराने मला आधी हसू आले आणि मग वाईट वाटले.

वाईट बातमीने मला पुन्हा काही होईल, ही तुमची भीती मला समजते. चवथीच्या आदल्या दिवशी मी गणपतीवर टांगायच्या माटोळीला सुपारीचा कात्रा, म्हणजे घड, बांधत होते, तेव्हा पेडण्याहून फोन आला की तुझा मामा गेला. कात्रा माझ्या हातातच राहिला. तो कोणी काढून घेतला तेही मला आठवत नाही. अर्ध्या तासात छातीवर जाते ठेवल्यासारखे झाले आणि श्वास पुरेना. बाबांना पित्त वाटले, त्यांनी आमसुलाचे पाणी दिले. शेजारच्या मुलाने रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन केला म्हणून बरे झाले. ईसीजी हृदयविकाराच्या झटक्यासारखाच होता, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिनही वाढलेले होते. त्या घटकेला हा झटका की दुसरे काही, हे नुसते पाहून डॉक्टरांनाही सांगता येत नाही. त्यामुळे झटका समजूनच धावपळ करावी लागते, आणि ते योग्यच आहे.

अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या. बिघाड होता तो हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात: त्याचे टोक फुगून निपचित पडलेले आणि वरचा भाग मात्र जोराने आकुंचन पावणारा. डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीमागे त्याचे चित्र काढून दाखवले. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये या आजाराचे वर्णन केले, तेव्हा त्यांना या आकारात अष्टपाद पकडायचे अरुंद गळ्याचे मडके दिसले, म्हणून याचे नाव ताकोत्सुबो. मला त्या चित्रात तुझ्या आजीची न्हाणीघरातली कळशी दिसली.

हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताअभावी स्नायू मरतो आणि तिथे व्रण राहतो. इथे अॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा एकदम लोंढा येऊन स्नायू जणू बधिर होतो, पण मरत नाही. म्हणूनच तो बहुधा काही आठवड्यांत पूर्ववत होतो. सुरुवातीचे दिवस तेवढे नाजूक असतात. फुप्फुसांत पाणी साचणे, ठोका बिघडणे, फुगलेल्या टोकात रक्ताची गुठळी होणे, असे धोके असतात. त्यासाठीच मला पाच दिवस ठेवून घेतले होते.

आता खरे सांगायचे तर आकडा माझ्या पायांपेक्षा आधी सुधारला. गेल्या आठवड्यात तुळशीला पाणी घालायला निघाले आणि विहिरीपासून वृंदावनापर्यंतच्या वीस पावलांत तांब्या खाली ठेवून पायरीवर बसावे लागले. डॉक्टर म्हणतात की एकोचा आकडा चांगला आल्यावरही काहींना महिनोन्महिने थकवा राहतो आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. गोळ्या चालू आहेत, संध्याकाळी देवळाच्या तळीपर्यंत चालते, आणि रोज थोडे अंतर वाढवते.

पण तुमच्या मौनाचा या औषधोपचारात काडीचाही उपयोग नाही, हे मी शिक्षिकेच्या हट्टाने तुला पटवून देणार आहे. २०१५ मध्ये संशोधकांनी या आजाराच्या १७५० रुग्णांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध केली. त्यांत दहांतल्या नऊ बायका होत्या, बहुतेक माझ्या वयाच्या आसपासच्या. पण मनाला धक्का बसून आजार झालेले २८ टक्क्यांच्या आतच होते. त्याहून जास्त जणांना दुखणे, शस्त्रक्रिया, दम्याचा झटका असे शारीरिक निमित्त झाले होते, आणि मनाला धक्का बसलेल्यांच्या सुमारे इतक्याच जणांत काहीच कारण सापडले नव्हते. पुढच्या वर्षी त्याच संशोधकांनी मानसिक निमित्ताच्या ४८५ रुग्णांकडे बारकाईने पाहिले, तर वीस जणांना आनंदाच्या प्रसंगाने हा आजार झालेला! मग काय, नातवंडाचा पहिला नंबर आला तरी माझ्यापासून लपवणार का? आजार पुन्हा होण्याचे प्रमाण वर्षाला शंभरात दोनाहूनही कमी आहे. तेवढ्यासाठी मला अंधारात ठेवायचे, आणि मी मात्र तुझ्या आवाजातला कोरडेपणा ऐकून रात्रभर नाही नाही ते कल्पित पडायचे, याला मी काळजी म्हणणार नाही. मामाची बातमी तशी अचानक, घाईघाईने, एका वाक्यात कानावर आदळली. तुम्ही मला बसवून, सावकाश, सगळे सांगू शकता.

तेव्हा घराचा हप्ता कसा भरता, मुलाच्या शाळेची फी झाली का, जावईबापूंच्या मुलाखती कुठवर आल्या, हे सगळे लिही. माझ्या पेन्शनच्या खात्यात थोडे पैसे आहेत आणि इस्पितळाचा खर्च त्यातून फारसा झालेला नाही. व्हडल्या दिवाळीला तुळशीचे लग्न आहे, ऊस आणि आवळे बाबा आणणार आहेत. येता आले तर तिघेही या. बसभाड्याची अडचण असेल तर तीही कारण म्हणून सांग, रजेचे नाव पुन्हा नको. सकाळी आठनंतर मी गोळ्या घेऊन फोनजवळच बसलेली असते.

तुझी,
आई