ड्रोन निर्यातीची सवलत अर्धवट नको

संपादक महोदय,

विदेश व्यापार महासंचालनालयाने जून २०२३ मध्ये नागरी वापराच्या ड्रोनची निर्यात सुलभ केली. पल्ला २५ किलोमीटरपर्यंत आणि वाहून नेण्याचे वजन २५ किलोपर्यंत असेल, तर प्रत्येक खेपेला वेगळा परवाना लागत नाही. एकच सर्वसाधारण परवानगी तीन वर्षे चालते. दहा लिटर टाकीचा फवारणी ड्रोन यात सहज बसतो. निर्णय चांगलाच आहे, पण घोडे पुढे अडते.

या सवलतीतून सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञान वगळले आहे. ‘स्कोमेट’ यादीतले (नागरी आणि लष्करी अशा दोन्ही वापरांच्या वस्तू व तंत्रज्ञानाची भारताची निर्यात-नियंत्रण यादी) आराखडे दुरुस्तीसाठी ईमेलने पाठवले, तरी कायद्याच्या लेखी ती निर्यातच. यंत्र पोहोचले आणि दुरुस्तीची माहिती परवान्यात अडकली, तर ग्राहक पुन्हा मागणी नोंदवेल कशाला? ड्रोनवरचा थर्मल कॅमेराही स्वतंत्रपणे तपासावा लागतो. शीतकरण नसलेल्या कॅमेऱ्याला सेकंदाला ९ चित्रांपर्यंत वासेनार यादीत (अनेक देशांनी मिळून ठरवलेली निर्यात-नियंत्रण यादी) सूट आहे. त्याहून वेगवान कॅमेरा नियंत्रणात येऊ शकतो. नवखे उद्योजक इथेच फसतात.

देखभालीपुरती माहिती सवलतीत घ्यावी. सोर्स कोड आणि उत्पादनाचे आराखडे बाहेरच राहू द्यावेत. खरा धोका माल तिसऱ्या देशातून युद्धभूमीकडे वळवला जाण्याचा आहे. म्हणून अंतिम वापरकर्त्याच्या प्रमाणपत्रात खऱ्या वापरकर्त्याऐवजी मध्यस्थाचे नाव आले, तर अर्ज रोखायलाच हवा. मात्र खरेदी आदेशातल्या किरकोळ विसंगतीचा खुलासा आठवडाभरात मागवावा आणि माल पोहोचल्यावर दूतावासामार्फत पडताळणी व्हावी.

– ड्रोन उद्योगातील काही अभियंते, पुणे