हिशेब न देता कापलेले जादा स्टोरेजचे पैसे परत करा

प्रति,
प्रमुख, बिलिंग विभाग

महोदय,

तुमच्या सपोर्टच्या मुलाने आत्ताच फोन ठेवला आणि मी लिहायला बसलो. तुमचं सॉफ्टवेअर जागा कशी मोजतं ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

आमची उद्यमबागेत फाउंड्री आहे, म्हणजे धातू वितळवून ओतीव भाग करायचा कारखाना. तुमच्या सॉफ्टवेअरवर फाइली ठेवायचा करार वर्षाचा, ५०० जीबीचा, पैसे आगाऊ भरलेले. हीटवार (भट्टीतल्या एकेका घाण्याची एक हीट) टेस्ट सर्टिफिकेटं, धातूत काय काय आहे ते सांगणारे स्पेक्ट्रोचे रिपोर्ट, भागांच्या एक्स-रेसारख्या रेडिओग्राफीच्या इमेज आणि गिऱ्हाइकांची ड्रॉइंग्ज त्यात राहतात. पंप हाउसिंगचं एक ड्रॉइंग ४० एमबीचं आहे. साचे बनवायच्या पॅटर्न शॉपमधला आमचा पोरगा त्यात एक माप बदलून सेव्ह करतो आणि तुमची सिस्टीम अख्ख्या फाइलची नवी प्रत धरते. असं २५ वेळा झालं की एक जीबी संपला. आम्हाला स्क्रीनवर दिसते ती एकच फाइल, ४० एमबीची. काढून टाकलेली फाइलसुद्धा ९० दिवस आमच्याच खात्यात मोजली जाते. विकायला आलेल्या तुमच्या माणसाने यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

मर्यादा ओलांडली हे आम्हाला कळलं बँकेच्या मेसेजवरून. ऑटो डेबिटच्या २४ तास आधी कळवायचं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे म्हणून तेवढं तरी समजलं. मोबाइल कंपनी साध्या डेटा पॅकवाल्यालाही ५०, ९० आणि १०० टक्क्यांना मेसेज टाकते. तुम्ही एक मेल टाकला नाही. जादा जीबीचा दर मूळ दराच्या चौपट, वर १८ टक्के जीएसटी.

आजच्या फोनवर मी एवढंच विचारलं की कुठल्या फोल्डरने जागा खाल्ली ते सांगा, मी मोकळी करून देतो. तो म्हणाला, "सर, फाइलवार वापराचा रिपोर्ट तुमच्या प्लॅनमध्ये येत नाही, वरचा प्लॅन घ्यावा लागेल." मी म्हटलं, अहो, बिल तुम्ही लावलंय, त्याचा हिशेब मागतोय. परत तेच वाक्य. बरं, जुन्या प्रती तरी पुसा म्हटलं, तर म्हणे एकेक फाइल उघडून तुम्हीच पुसायच्या. हजारो फाइली आहेत हो! आणि शेवटी त्याने मला विचारलं, "सर, तुमच्या साइजच्या बिझनेसला एवढा डेटा लागतोच कशाला?"

कशाला ते सांगतो. दोन वर्षांनी गिऱ्हाइकाकडे कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, तडा गेला तर हीट नंबरावरून आम्हाला उत्तर द्यावं लागतं. हिशेबाची पुस्तकं कंपनी कायद्याप्रमाणे ८ वर्षं ठेवावी लागतात. हे ऐकायच्या आत "हॅव अ नाइस डे" म्हणून त्याने फोन कट केला.

त्यातच तुम्ही खातं रीड-ओन्ली केलंत, म्हणजे फाइली नुसत्या बघायच्या, नवी टाकता येत नाही. कोल्हापूरचा टेम्पो माल भरून गेटवर उभा आणि सर्टिफिकेट अपलोड होईना. ड्रायव्हर संध्याकाळपर्यंत ताटकळला आणि गिऱ्हाइकाची बोलणी मी खाल्ली.

हिशेब मागितला तर वरचा प्लॅन विकता, हे मी परत लिहितो, कारण मला तेच सगळ्यात लागलंय. आणि बेळगावातून फोन लावला तर भाषांच्या यादीत हिंदी, इंग्रजी, कन्नड आहे, मराठी नाही. तेही बघा.

कापलेली रक्कम परत करा, फाइलवार हिशेब फुकट द्या, खातं आजच्या आज खुलं करा. आमचा डेटा उतरवून घ्यायचा तर त्यालाही चार्ज लागेल असं मागे सांगितलं होतं, तो आम्ही भरणार नाही. करार वकिलाकडे दिला आहे. माझ्या शब्दावर शेजारच्या दोन मशीन शॉपवाल्यांनी तुमचं सॉफ्टवेअर घेतलं, त्यांना हे बिल उद्या दाखवतो.

उत्तर लेखी पाठवा. फोन करू नका.

तुमचा ग्राहक,
उद्यमबाग, बेळगाव