रविवार फुकट गेला म्हणतेस?

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद. फोनवर मी बोलायला लागलो की तू नुसतं "हो बाबा, हो बाबा" करतेस, म्हणून हे पत्र. परवा म्हणालीस, "अख्खा रविवार फुकट गेला, काहीच प्रॉडक्टिव्ह झालं नाही." ते डोक्यातून जाईना.

अगं, रविवारची सुट्टी मालकांनी आपणहून दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत राबावं लागे आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. जोतिरावांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. १० जून १८९० ला मालकांनी ती मागणी मान्य केली. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असं कारण सांगतात. मला हे फार आवडतं. त्यात नफ्यातोट्याचा हिशोबच नाही!

तुझे पणजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. खाडा झाला की पगार कापला जाई, त्यामुळे सहा दिवस माणूस भोंग्याचा गुलाम. रविवारी मात्र गॅलरीतल्या खिळ्याला आरसा अडकवून तासभर दाढी करायचे. मध्येच वस्तरा खाली ठेवून खालच्या मजल्यावरच्या कुणाशी तरी गावच्या पावसावर वाद घालायचे, अर्ध्या गालाला साबण तसाच. त्यांना कुणी विचारलं नाही, यातून निष्पन्न काय झालं?

आता २०२३ मध्ये एक उद्योगपती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं. २०२५ मध्ये दुसरे नव्वदवर गेले, वर विचारतात, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार? (आमच्या घरात हा प्रश्न मी विचारून बघणार नाही.) त्यावर शहाणी माणसं सांगतात की विश्रांती घेतली तर काम चांगलं होतं. खरं असेल. पण मग रविवारही सोमवारच्याच खात्यावर जमा झाला ना? तू आराम करतेस तोही कंपनीसाठीच!

कामचुकारपणा कर असं म्हणत नाही. घराचे हप्ते मलाही कळतात. फक्त तासातासाची नोंद ठेवणारं ते अ‍ॅप काढून टाक. आणि दर रविवारी सकाळचा ऑनलाइन कोर्स लावलायस म्हणे, त्याचे पैसे परत मिळतात का बघ.

तुझा,
बाबा