तिसरा गिअर

आजरा, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

आबांच्या जीपचा गिअरबॉक्स गेला. फोन केला असता तर ‘आवाज कसला येत होता?’ म्हणून तू मला पहिल्याच वाक्याला अडवलं असतंस. मला सगळं सांगायचंय, म्हणून लिहायला बसलो. आईचा गुडघा आहे तसाच, बाकी मंडळी ठीक.

आवाजाचं आधी सांगून टाकतो. चौथ्यात गाडी शांत, बाकी सगळ्या गिअरांत घरघर. पुढचं तुला सांगायला नको. चौथा सोडून बाकी सगळ्या गिअरांचा भार ज्या दांड्यावर, त्या काउंटर शाफ्टचं बेअरिंग फुटलं आणि त्याचे तुकडे दात्यांत जाऊन काउंटर खाऊन टाकला. मेन शाफ्टवरचे गिअर मात्र वाचले. हे लक्षात ठेव, पुढे कामाला येणार आहे.

कोल्हापूरला उद्यमनगरात मोडीत निघालेल्या महिंद्राच्या एमएम 540 जीपचा बॉक्स मिळाला. आपल्यासारखाच, केएमटी 90, चार गिअरचा. वरून ताजा काळा रंग. मिस्त्री म्हणायचे ना, ‘रंग दिसला की रॉकेल आण’? घरी आणून आधी रॉकेलने धुतला. हाउसिंगला कुठे क्रॅक नाही, वेल्डिंगचा डाग नाही, बोल्टच्या भोकांतले आटे शाबूत. ऑइल पांढुरकं झालेलं नाही, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. जळका वासही नाही. त्यात चुंबक फिरवला तर नुसती करडी पेस्ट आली, तुकडा एकही नाही. पण ट्रे उन्हात धरला आणि तळाशी सोनेरी चमक दिसली. पितळ. पितळ चुंबकाला थोडंच चिकटतंय? म्हणजे आतली पितळी रिंग झिजतेय.

तरी पुढे तपासत गेलो. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइन, म्हणजे खाचा, चांगल्या, पायलट बेअरिंगमध्ये जाणारं टोक गुळगुळीत, प्ले असावा तेवढाच. जुनी क्लच प्लेट स्प्लाइनवर बसवली, दोन्ही शाफ्टांवर खडूची खूण केली आणि एकेक गिअर टाकून हाताने फिरवला. चौथ्यात दोन्ही खुणा बरोबरीने फिरल्या, बाकीच्यांत कुठेही अडकलं नाही, बेअरिंग लोण्यासारखी. तू असतास तर कानाला स्क्रूड्रायव्हर लावून ‘चढव’ म्हणाला असतास. (साखरपुड्याच्या फोटोत तुझ्या कानाला काळं ऑइल लागलेलं आहे, वहिनींनी अजून तो फोटो लपवून ठेवलाय म्हणे.)

मी कव्हर उघडलं. यावरून आपण मिस्त्रींच्या शेडमध्ये किती भांडलोय! ‘चालता बॉक्स उघडू नये’ हा तुझा हट्ट, आणि बघितल्याशिवाय चढवू नये हा माझा. दोघं जेवण सोडून बसलो होतो आणि मिस्त्रींनी दोघांचेही डबे खाल्ले. बंड्या, आज मी बरोबर होतो. तिसऱ्याच्या गिअरवरचे, गिअर शाफ्टला जोडणाऱ्या स्लीव्हमध्ये अडकणारे बारीक दाते टोकदार असायला हवेत की नाही? हे पाटीवर घासलेल्या पेन्सिलीसारखे गोल झालेत. गिअर टाकताना वेग जुळवणारी पितळी रिंग गिअरच्या कोनवर दाबून फट मोजायला फीलर गेज घातला, तर दुसऱ्याला 0.8 मिलिमीटरची फट आणि तिसऱ्याला कशीबशी 0.3, म्हणजे तिसऱ्याची रिंग झिजलेली. स्लीव्ह सरकवणारा फोर्क ठीक आहे, त्याला जागेवर धरणारी गोळी-स्प्रिंगही ठीक आहे.

विकणारा म्हणतो, ‘चालतंय की, रिंग बदला अन् बसवा.’ रिंग बदलली की गिअर टाकताना होणारी करकर थांबेल. पण गिअर सुटतो तो दात्यांमुळे. आणि तो हाताने फिरवताना सुटत नाही, उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सुटतो. आता जीप मी नाही चालवत, चिमी चालवते. काजूची पोती भरून आंबोली घाटातून सावंतवाडीला जाते, पावसात, धुक्यात, तिसऱ्यात उतरत. भरल्या गाडीचा गिअर वळणावर सुटला की इंजिनचा रोध गेला, सगळा भार ब्रेकवर. त्या पोरीचा हात पक्का आहे, माझ्यापेक्षाही पक्का. पण धातूच धरत नसेल तर हात काय करणार? झोप लागत नाही रे.

मग सुचलं की आपल्या जुन्या बॉक्सचा तिसरा चांगला आहे. तो, त्याची स्लीव्ह आणि हब असा जुना संच या बॉक्समध्ये घालायचा, रिंगा सगळ्या नव्या. अडचण तुझ्या लक्षात आलीच असेल. तो गिअर आपल्या काउंटरबरोबर झिजलाय, या काउंटरशी त्याची जोडी नाही. जोडी मोडली की गिअर गाणार. तिसऱ्यात कुंईऽऽ असा आवाज येणार, कदाचित कायमचा. तुला तो सहन होणार नाही हे मला माहीत आहे. पण ओरडणारा गिअर घाटात धरून तरी ठेवतो. शांतपणे सुटणारा मला नको.

चाकणच्या बढतीचं ऐकलं, फार आनंद झाला. धाकट्याच्या शाळेचं जमलं का? वहिनींना नमस्कार.

ऑइल जीएल-4 च घालणार. तुझं ते जीएल-5 डिफरन्शियलच्या क्राउनला ठेव, नव्या पितळी रिंगांजवळ मी ते येऊ देणार नाही. यावरही भांडायचं असेल तर समोर ये.

पुण्यात या बॉक्सच्या रिंगांचा पूर्ण सेट, पुढचं-मागचं ऑइल सील आणि रिलीज बेअरिंग मिळतं का बघ. इथे तीन रिंगा मिळाल्यात, त्यातली एक कोनवर डुलते. माल मिळाला तर स्वतः घेऊन ये, पार्सल करू नकोस. जोडणी झाली की पोती भरून आंबोली उतरायची आहे, आणि चिमीच्या शेजारी तू बसायचंस. आवाज किती आहे ते तू ऐक, गिअर धरतो का ते मी मागे बसून बघतो. तुला तो आवाज भीतीचा वाटला, तर बॉक्स परत उतरवू आणि दुसरा काउंटर शोधू.

तुझा,
बापू